पितृपंधरवड्यातला इसार

२९ ऑगस्ट, शुक्रवार

सापडली! दीड वर्ष बारामतीभर चपला झिजवल्या आणि शेवटी गल्ली सापडली. पिंपळीकडं जाताना वस्ती विरळ व्हायला लागते तिथं, डावीकडं.

खरं तर मे महिन्यातच नजरेत भरली होती. अवकाळी धो-धो कोसळत होता आणि मी स्कुटी काढून निघाले — कुठं पाणी तुंबतंय ते बघायला. हे म्हणाले, "लोक पावसात भजी खातात, तू घरं बघायला निघालीस." खावा म्हटलं भजी! एजंट घर दाखवतो ते कडक उन्हात, ताजा रंग मारून. पावसात दाखवेल तर खरा. त्या दिवशी चांगल्या चांगल्या कॉलन्यांत गुडघाभर पाणी होतं आणि ह्या गल्लीत नुसता चिखल.

आज दुपारभर तिथंच होते. दोऱ्यांवरचे कपडे बघितले. नर्सचे पांढरे कोट, कंपनीचे निळे शर्ट, शाळेचे गणवेश. म्हणजे पगारी माणसं. कोपऱ्यावरच्या दुकानातून नको असताना साबण घेतला आणि विचारलं, सुटं तेल जास्त खपतं की पिशवी? "पिशवी, ताई. म्हैन्याचं सामान भरत्यात लोकं हितं." झालं! महिन्याचं सामान भरणारा भाडंही महिन्याला देतो. हे मला कुणी शिकवलं नाही. इंदापुरात स्टँडमागं घाईघाईने घेतलेल्या घराने शिकवलं. तिथले भाडेकरू एसटीसारखे — आले, थांबले, गेले.

घर गेणबा आणि शकुबाईचं. दोघंच म्हातारी माणसं. सहा खोल्या, मध्ये अंगण. पूर्वी तिथं त्यांच्या मेंढरांचं वाडगं होतं. मेंढरं गेली, खोल्या आल्या. आता मुलगा पुण्याला नेतोय म्हणून विकायचं. शकुबाईने चहा दिला आणि विचारलं, "तुमी ऱ्हानार का भाडेकरू?" भाडेकरू म्हटल्यावर तोंड उतरलं तिचं. मग स्वतःच म्हणाली, "आसूंदे. मानसं ऱ्हात्यात न्हवं, मंग झालं."

मला हे घर पाहिजे. पाहिजे म्हणजे पाहिजेच!

३१ ऑगस्ट, रविवार

गौरी आल्या. पाय दुखताहेत. गौरींना हळदीकुंकू लावतानाही डोक्यात त्याच सहा खोल्या. देवी माफ करो.

४ सप्टेंबर, गुरुवार

भाव ठरला! गेणबा हटवादी, आणि मी काय कमी? तो आकडा सांगायचा, मी उठायचे. मी आकडा सांगायचे, तो तंबाखू मळायला लागायचा. शेवटी शकुबाईच मध्ये पडली — "पोरीला किती पिळताव?" गेणबांनी डोक्यावरचा पटका काढला, झटकला, परत बांधला. "जावा. शबुद दिला."

हे म्हणाले, लगेच इसार देऊन मोकळी हो. पण इसार कसाही द्यायचा नसतो. माझी पहिली दोन्ही घरं घेताना तो शंभूच्या हातूनच दिलाय. माहेरचा हात लागला की घराला बरकत येते, असं आई म्हणते. आणि खोटं कशाला बोलू, पाठच्या भावाला बरोबर घेऊन बोलणीला जायला छाती भरून येते. भवानीनगरहून एकटी बाई घर घ्यायला आली म्हटलं की लोक आधी "मालक कुठं हायत?" विचारतात. शंभू बरोबर असला की विचारत नाहीत.

शंभूची ह्या आठवड्यात उसाची लागण. आणि सोमवारपासून पितरांचा पंधरवडा. त्या दिवसांत आमच्याकडं कुणी घर घेत नाही आणि विकत नाही. गेणबाच म्हणाले, "पितरं जेवून जाऊंदेत. घटाला या." घटस्थापनेला जायचं ठरलं.

१० सप्टेंबर, बुधवार

इंदापूरचा भाडेकरू न सांगता गेला! जाताना बल्ब नेले ते नेले, होल्डरसुद्धा काढून नेले. माणूस होल्डर काढायला एवढा वेळ देतो आणि फोन करायला देत नाही. नवीन कुलूप घातलं. पुन्हा स्टँडजवळ घर घेईन तर नाव बदलेन.

येताना बारामतीला एमआयडीसीकडच्या माझ्या खोल्यांवर डोकावले. नकोशीने — माझी भाडेकरू, नर्स आहे, मला तिचं हे नाव घेताना अजून कसंतरी होतं, तिला काही वाटत नाही — चहा पाजला. तिला इथून दवाखाना लांब पडतो म्हणे. मनात म्हटलं, थांब दिवाळीपर्यंत, तुला जवळ खोली देते.

१४ सप्टेंबर, रविवार

लासुर्ण्याला माहेरी तात्यांचा म्हाळ. भाऊकी जेवून गेली. कढी छान झाली होती, वडे रेश्माने जरा करपवले. पण ते बोलून दाखवायची सोय नाही, भावजय आहे!

आई वाळलीय. ती आणि रेश्मा एका स्वयंपाकघरात असून एकमेकींशी बोलताना दिसल्या नाहीत. मध्ये शंभूचा राजवर्धन — "आज्जीला सांग मीठ दे," "मम्मीला सांग डब्यात हाय." विचारलं तर आई म्हणाली, "माजं काय मनावं घेऊ नगं. तुजं काय चाललंय ते सांग." मी तिला सांगितलं, एक घर बघितलंय म्हणून. एवढंच. तिचं लक्ष पंगतीकडं होतं.

शंभूला मात्र सगळं सांगितलं. जेवणं झाल्यावर गोठ्यापाशी बसलो. गल्ली कुठली, पावसात काय बघितलं, तेलाची पिशवी, कपड्यांच्या दोऱ्या, गेणबाला कसा वाकवला, भाव किती ठरला. पोरगं कधी नव्हे ते एवढे प्रश्न विचारत होतं! "आक्का, सहा खोल्यांस्नी भाडं किती यील?" "आक्का, म्हातारा दुसऱ्या कुनाला दील का?" म्हटलं, शब्द दिलाय, देणार नाही. आणि पंधरवड्यात येणार कोण घ्यायला? तो हसला. मलाही बरं वाटलं. लहानपणी गणितात असा रस घेतला असता तर!

१९ सप्टेंबर, शुक्रवार

निवांत आहे. खोल्यांना पिस्ता रंग द्यावा का? हे म्हणतात दवाखान्यासारखं दिसेल. नर्सच राहणार आहेत, दिसू दे.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसवले. नारळ, शकुबाईला साडी, गेणबांना टोपी-उपरणं घेऊन गेले. शंभूचा फोन लागेना, म्हटलं चला, एकटीनेच जाऊ.

शकुबाई हसायलाच लागली. "आगं, आता कसला इसार? तुज्या भावानं दिला की बुधवारी!"

गेणबा म्हणाले, "मी म्हनलं बी त्याला, पंधरवड्यात कशापायी? तर म्हनला, आक्कानंच धाडलंय, घाई हाय. मंग तुजा मानूस म्हनून घेतला. न्हाई कसं म्हनायचं?"

शंभूने माझ्यासाठी! कुणी मध्ये घुसू नये म्हणून पितरांचीसुद्धा पर्वा केली नाही त्याने. माझे डोळे भरून आले. शकुबाईने साडी अंगाला लावून बघितली, मोरपंखी, तिला शोभली. येताना वाटेत पेढे घेतले. भाऊ असावा तर असा.

२४ सप्टेंबर, बुधवार

शंभूला फोन. त्याने दिलेले पैसे परत घे म्हटलं तर, "घाई काय हाय आक्का, बोलू निवांत." आवाज जरा तुटक. लागणीने दमला असेल.

२७ सप्टेंबर, शनिवार

शकुबाईचा फोन आला. "तुजी भावजय यून खोल्या बघून गेली. गॅस कुठं मांडायचा, इचारत व्हती. दस्त तिच्या नावानं हुनार म्हनं, दसऱ्याच्या आदल्या दिशी. तू काय बाई, भावजयीवर लई माया करतीस!"

हे समोर जेवत होते. "काय झालं?" म्हणाले. काही नाही म्हटलं.

रेश्माच्या नावाने. माझं घर. मी पावसात भिजून शोधलेलं, मी घासाघीस करून भाव पाडलेलं, मी सगळं सगळं त्याच्या ओंजळीत घातलेलं घर! म्हाळाच्या दिवशी माझ्याशेजारी बसून तो शिकत होता. गोठ्यापाशी बसून मी माझ्याच भावाला माझ्याच घराची वाट दाखवत होते!

२८ सप्टेंबर, रविवार

लासुर्ण्याला गेले. घरात नाही शिरले. शंभू पाण्याच्या मोटारीवर होता, तिथंच गाठला.

आधी म्हणाला, राजवर्धनला बारामतीच्या शाळेत घालायचंय, जागा पाहिजे. म्हटलं, मग मला सांगायचं, माझ्या खोल्या होत्या. मग म्हणाला, "तुजी दोन हायती की आक्का. आमी येक घेतलं तर काय झालं?"

काय झालं! तात्या गेले तेव्हा तलाठ्यासमोर हक्कसोडीवर सही केली. कुणी मागायच्याही आधी केली. बहिणी करतात म्हणून केली, माहेर राहावं म्हणून केली. एका शब्दाने विचारलं नाही, मला काय देणार. तेव्हा "आक्का तू देवमानूस" म्हणाला होता. आणि आता "येक घेतलं तर काय झालं?"

म्हटलं, गेणबांना माझं नाव सांगून इसार दिलास. माझं नाव वापरलंस! तर मान खाली. मोटार चालू होती, पाणी पाटातून चाललं होतं, आणि हा पाण्याकडं बघत होता. मग म्हणाला, "आईला इचारूनच केलंय समदं. तिला ठाव हाय."

हे मात्र लागलं. शंभूचं एकवेळ समजू शकते, बायको मागं लागली असेल, जगाचं बघून मोह झाला असेल. पण आई? आईने हो म्हटलं? म्हाळाला मी तिच्याजवळ बसले होते, माझ्या पाठीवरनं हात फिरवला तिने. तेव्हाच ठरलं होतं की काय?

परत येताना आई दारात उभी होती. लांबून हात करत होती — ये, जेवून जा. मी गाडी वळवली नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

गेणबांना फोन लावला. एक वाक्य बोलायचं होतं — माझा भाऊ खोटं बोललाय, त्याला मी पाठवलं नव्हतं. तेवढं बोलले असते तर त्यांनी दस्त थांबवला असता. शब्दाचा माणूस आहे.

"बोल, पोरी," म्हणाले.

परक्या माणसाला सांगायचं, माझा भाऊ चोर आहे? उद्या गल्लीत, परवा लासुर्ण्यात, तेरवा सगळ्या भाऊकीत. घर मिळेल आणि माहेर जाईल.

"तब्येत बरी आहे ना, विचारायला केला," म्हटलं. ठेवून दिला. मग मोरीत नळ सोडून रडले.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. काल दस्त झाला. गेणबांनी मला फोन करून सांगितलं, आनंदाने.

१२ ऑक्टोबर, रविवार

दहा माणसांशी भांडायचा जोर अंगात आहे आणि भांडायला कुणी नाही. मग आज एमआयडीसीकडच्या भाडेकरूंवर जाळ काढला. जिन्यात सायकली का लावल्या, टाकी वाहतेय कुणाला दिसत नाही का, खिडकीवर पेपर कुणी चिकटवले! नकोशी म्हणाली, "मावशी, बसा आधी. पाणी प्या." तिलाच जास्त कळतं. पाणी प्यायले, पेपर तसेच राहू दिले.

बारामतीला गेले की स्कुटी आपोआप पिंपळीकडं वळायला बघते. वळू देत नाही. त्या गल्लीचं तोंडही बघणार नाही मी!

घरी आल्यावर हे म्हणाले, "घर गेलं ते गेलं. आईला फोन तरी कर." कशाला? तिला विचारूनच झालंय ना समदं! गळीत हंगाम जवळ आलाय, यांची साखर कारखान्यात ओव्हरहॉलिंगची गडबड. हे शांतपणे भाकरी चुरत राहिले. कधीकधी ह्या शांतपणाचाही राग येतो.

आईकडं स्वतःचा फोन नाही. बोलायचं तर रेश्माच्या फोनवर. म्हणजे आधी रेश्माशी "कशी आहेस" करायचं. नाही जमणार.

२० ऑक्टोबर, सोमवार

चकल्या बिघडल्या. मोहन जास्त पडलं. दरवर्षी आईकडं एक डबा जातो, ह्या वर्षी भरला नाही. भरला नाही आणि डबा धुऊन पुसून कट्ट्यावर मात्र ठेवलाय. का ठेवलाय कोण जाणे.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. येणार नाही माहीत होतं. तरी ताट केलं. तरी अंगण झाडून रांगोळी घातली. तरी प्रत्येक मोटरसायकल आमच्याच दारात थांबतेय असं वाटत होतं.

लग्नाला इतकी वर्षं झाली, एकदाही चुकला नव्हता. एका वर्षी तापात फणफणत आला होता, ओवाळून घेतलं आणि पाटावरच आडवा झाला.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "भाऊ नसला तर चंद्राला ओवाळायचं." ओवाळलं. बरं आहे, चंद्र माझं घर तरी घेणार नाही.

हे विनोद मला सुचतात आणि मग मीच रडते.

३० ऑक्टोबर, गुरुवार

राहवेना. गिळला राग आणि केला फोन. आईला दे म्हटलं तर रेश्मा म्हणाली, "आत्या रानात गेल्यात, वन्सं." संध्याकाळी परत केला. "झोपल्यात." दिवेलागणीला आई झोपते? जन्मात झोपली नाही!

समजायचं ते समजले. बोलायचं नाही तिला. बरं. मीही नाही करणार पुन्हा. लेकीचा फोन आलाय म्हटल्यावर पांघरूण ओढून पडणारी आई माझी! त्या घरात एक माणूस माझं होतं असं मला वाटायचं. नव्हतं. आता लासुर्ण्याला माझं काही नाही, हे एकदा मनाशी पक्कं केलं की बरं वाटेल. पक्कं होत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

नकोशी खोली सोडतेय! चाचरत चाचरत सांगितलं. दवाखान्याच्या जवळ जागा मिळाली म्हणे. कुठं? तर पिंपळीच्या वाटेवर. सहा खोल्या, मध्ये अंगण. पाटी लागलीय — खोल्या भाड्याने देणे आहे.

म्हणजे शाळेचं खोटंच होतं! राजवर्धनच्या नावावर माझाच धंदा मांडलाय. माझीच गल्ली, माझाच हिशेब, आणि आता माझीच भाडेकरूसुद्धा!

नकोशीला म्हटलं, जा बाई, तुझी सोय तू बघ. तिचा काय दोष? ती म्हणाली, "मावशी, तिथल्या मालकीणबाई लई मायाळू हायेत. खोली बघायला गेले तर जेवूनच पाठवलं."

रेश्मा आणि मायाळू! रेश्मा आणि जेवण! भाडेकरू मिळवायला साखर पेरतेय.

रविवारी जाते. दसऱ्यापासून तोंड दाबून बसले, आता नाही. तिच्या अंगणात, तिच्या भाडेकरूंसमोर विचारते, हे घर तू कुणाच्या जिवावर घेतलंस म्हणून. माहेर तुटायचं ते तुटलेलंच आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

दार आईने उघडलं.

दिवाळीच्या पाडव्यापासून एकटी आहे तिथं. शंभूने टेम्पोत घालून तिची ट्रंक आणली आणि सांगितलं, आक्कानं घर घेतलंय, भाडेकरूंवर ध्यान ठेवायला तुला बोलावलंय. इसार, दस्त, भांडण — तिला काही ठाऊक नाही. काहीच नाही. सगळ्या खोल्या सारवल्यासारख्या पुसून ठेवल्यात, माझ्यासाठी.

"हितं बोलवून घेतलंस, आन् येकदा बी फिरकली न्हाईस व्हय गं?"

कामात होते, म्हटलं.